नदीतले सोने आणि छोटे यंत्र

नदीच्या वाळूत सोने सापडते ही काही कविकल्पना नव्हे. सुवर्णरेखा नावाची नदीच आपल्या देशात वाहते, आणि तिच्या काठची काही कुटुंबे लाकडी पात्रात वाळू धुऊन तीतून सोन्याचे कण वेगळे करीत आली आहेत. छत्तीसगडमध्ये जशपूरकडील ईब नदी, केरळात निलंबूरजवळची चालियार, यांचीही तीच ख्याती आहे. कौटिल्याने अर्थशास्त्रात सोन्याचे प्रकार सांगितले, त्यांतला एक जांबूनद, म्हणजे जंबू नदीतले सोने. विदर्भात आणि त्याला लागून असलेल्या वैनगंगेच्या खोऱ्यात या धंद्यावर जगणाऱ्या लोकांना सोनझरी असे नावच पडले. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातील जाती-जमातींवर जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या लोकांचे स्वतंत्र वर्णन आहे. नदीत काम नसेल तेव्हा हेच लोक सोनारांच्या दुकानांपुढचा केर आणि गटारातला गाळ धुऊन त्यातून सोने काढीत. असे काम करणाऱ्याला मराठीत झारेकरी म्हणतात आणि हिंदीत न्यारिया.

या जुन्या उद्योगाला परदेशांत, विशेषतः अमेरिकेत, हौसेचे रूप आले आहे. सुटीच्या दिवशी माणसे तंबू आणि शिदोरी घेऊन डोंगरातल्या ओढ्यावर जातात, आणि बरोबर एक लहानसे यंत्र नेतात. त्याला सक्शन ड्रेज म्हणतात. तराफ्यावर बसविलेले इंजिन, त्याला जोडलेला पंप, पाण्यात सोडलेली जाड नळी आणि वर एक पन्हळ, एवढाच त्याचा संसार. नदीच्या तळाची वाळू नळीतून वर ओढली जाते, पन्हळीवरून धावते आणि पुन्हा पाण्यात पडते. सोने, असलेच तर, पन्हळीत राहते. या यंत्राची चित्रे हातातल्या फोनवर घरोघरी दिसू लागल्यापासून आपल्याकडेही चौकशी होऊ लागली आहे. असे यंत्र घ्यावयाचे झाल्यास कोणते घ्यावे? दोन इंची की चार इंची? आणि ते आपल्या नदीत लावता येईल काय? या प्रश्नांचा विचार आज करावयाचा आहे. आणि तो हवेत होऊ नये म्हणून एक ठिकाण डोळ्यांपुढे ठेवू. ते ठिकाण बरुआसागर.

झाशीच्या मराठी घरांना बरुआसागर परके नाही. नारोशंकरांनी झाशी वसविली त्या अठराव्या शतकात मराठे आणि बुंदेले यांची गाठ ज्या मुलखात वारंवार पडली, त्यातलेच हे गाव. ओरछाचा राजा उदोतसिंह याने आपल्या कारकिर्दीत दगडी बांध घालून येथला तलाव केला, आणि त्या तलावावरूनच गावाला नाव मिळाले. तलावाशेजारी टेकडीवर किल्ला आहे; गावाबाहेर प्रतिहारांच्या काळातला जराईचा मठ आहे. भोवताली भाजीपाल्याचे आणि आल्याचे मळे आहेत. झाशीहून येथे येताना वाटेत बेतवा ओलांडावी लागते. प्राचीन वाङ्मयातील वेत्रवती ती हीच.

ही नदी पाहिली म्हणजे सोने शोधणाऱ्या माणसाच्या हाताला कंड सुटावी, असेच तिचे रूप आहे. येथील भूमी बुंदेलखंडाच्या अतिप्राचीन ग्रॅनाइटची. नदीच्या पात्रात या खडकाच्या लाद्या उघड्या पडल्या आहेत. त्यांत भेगा आहेत, रांजणखळगे आहेत, प्रचंड धोंड्यांच्या आड शांत पाणी आहे. सोन्यासारखा जड पदार्थ वाहत आला तर तो अशाच जागी अडकतो. वळणाच्या आतल्या बाजूस, धोंड्याच्या मागे, तळखडकाच्या चिरेत. त्यातच या मुलखात पांढऱ्या गारेच्या लांबच लांब भिंती ईशान्य-नैर्ऋत्य दिशेने माळरानातून गेलेल्या दिसतात. गार आणि सोने यांचे सख्य सर्वांनी ऐकलेले असते. मग मनात हिशेब सुरू होतो, की डोंगरात गार आहे, नदीत खळगे आहेत, तेव्हा उणीव काय ती यंत्राची.

परंतु सापळा उत्तम असला म्हणून सावज येतेच असे नाही. बुंदेलखंडातल्या या थोर गारभिंती बहुतांशी वांझ आहेत. सोन्याच्या खुणा भूवैज्ञानिकांनी नोंदविल्या आहेत त्या दूर दक्षिणेस, ललितपूर जिल्ह्यातील गिरारच्या बाजूस. आणि खडकात खूण सापडणे वेगळे व नदीत धुण्याजोगे सोने असणे वेगळे. शिवाय बेतवेवर वरच्या अंगाला राजघाट आणि माताटीला ही धरणे आहेत. धरण पाण्याप्रमाणे गोटे आणि वाळूही अडविते. वरून नवा माल येण्याची वाटच जेथे अरुंद झाली, तेथे खालच्या खळग्यांत काय साठणार?

सोन्याची वार्ता मात्र वाटेत वाढत जाते. याच उत्तर प्रदेशात सोनभद्र जिल्ह्यात ३,००० टनांहून अधिक सोने सापडल्याची बातमी २०२० च्या फेब्रुवारीत देशभर पसरली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने लगेच खुलासा केला की अंदाज आहे तो सुमारे ५२,८०६ टन खनिज दगडाचा, आणि त्यात टनामागे सोने सरासरी ३.०३ ग्रॅम. म्हणजे सारे मिळून सुमारे १६० किलो. दगडाचे टन आणि सोन्याचे टन यांची गल्लत झाली की असे होते. यंत्राच्या जाहिरातीतही हीच गल्लत असते. म्हणून यंत्र काय करते हे नीट समजून घेणे अवश्य आहे.

श्रोतेहो, आपल्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना या यंत्राचे तत्त्व पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तांदळात खडे असले म्हणजे त्या तांदूळ पाण्यात घेतात, भांडे हलके हलवितात आणि तांदूळ पाण्याबरोबर दुसऱ्या भांड्यात ओततात. खडे तळाशी राहतात. याला रोळणे म्हणतात. सोनझरी आपल्या थाळीत वाळू रोळतो, इतकेच. सोने पाण्याच्या १९.३ पट जड, गारेची वाळू २.६५ पट. हवेत हे प्रमाण साधारण सातास एक असे पडते. पण पाण्यात बुडालेल्या प्रत्येक वस्तूचे वजन तिच्या आकाराइतक्या पाण्याने कमी होते. तेव्हा पाण्याखाली एकीकडे १८.३ आणि दुसरीकडे १.६५ उरतात, म्हणजे अकरास एक. पाण्यात सोने वाळूपेक्षा अकरा पट भारी पडते, म्हणून हा सारा उद्योग पाण्यात करावयाचा.

ड्रेज हेच काम मोठ्या प्रमाणावर करते. त्यातल्या पंपातून दगड-वाळू जात नाही, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी. पंप फक्त निवळ पाणी ओढतो आणि जोराने एका अरुंद तोंडातून मोठ्या नळीत सोडतो. त्या धारेच्या मागे पोकळी निर्माण होते, आणि ती भरून काढण्यासाठी नदीच्या तळाचे पाणी वाळूसह नळीत धावते. वाळू-गोटे पंपाच्या पंख्याला शिवत नाहीत, म्हणून पंप टिकतो. ही धार सोडण्याच्या दोन रीती आहेत. एका रीतीत ती तळाशी धरलेल्या तोटीतच सोडतात. उथळ पाण्यात आणि अगदी लहान यंत्रात ही रीत सोयीची. दुसऱ्या रीतीत धार नळीच्या वरच्या टोकाशी, पन्हळीच्या जरा अलीकडे सोडतात. यात ओढ अधिक मिळते. मात्र तोटी पाण्याबाहेर येऊन नळीत हवा शिरली की ओढ तुटते. गुडघाभर पाण्यात काम करणाराने पहिली रीत घ्यावी, कमरेइतके आणि त्याहून खोल पाणी असेल तर दुसरी.

यंत्राचा आकार नळीच्या आतील व्यासावरून सांगतात. दोन इंची, अडीच इंची, तीन, चार, याप्रमाणे. येथे एक साधे गणित बहुतेकांच्या नजरेतून सुटते. चार इंची नळी दोन इंचीच्या दुप्पट नाही, चौपट आहे. कारण तोंडाचे क्षेत्र व्यासाच्या वर्गाने वाढते. त्याच मानाने पाणी लागते, इंजिन लागते, इंधन लागते आणि वजन वाढते. दोन इंची यंत्र सुटे करून एकटा माणूस दोन-तीन खेपांत ओढ्यापर्यंत नेऊ शकतो. चार इंचीला दोघे-तिघे धडधाकट सोबती हवेत, आणि गाडी पाण्याजवळ जावयास हवी. जे यंत्र चांगल्या जागेपर्यंत पोहोचत नाही, ते कितीही मोठे असले तरी उपयोगाचे नाही. एकट्या हौशी माणसास दोन किंवा अडीच इंच पुरे, दोघांना तीन.

माहितीपत्रकांत यंत्र तासाला किती घनयार्ड माल ओढते ते छापलेले असते. तो आकडा सुट्या, एकसारख्या वाळूचा असतो. खऱ्या नदीचा तळ गोट्यांनी गच्च बसलेला असतो. तोटीच्या तोंडाशी एक कडे बसवितात. ते नळीपेक्षा किंचित अरुंद असते, म्हणजे त्यातून गेलेला गोटा पुढे नळीत अडकू नये. त्यामुळे दोन इंची यंत्राला लिंबाएवढा गोटाही जड जातो. त्याहून मोठा प्रत्येक दगड हाताने उचलून बाजूस ठेवावा लागतो, आणि दिवसाचा बराच वेळ त्यातच जातो. छापील आकड्याचा तिसरा-चौथा हिस्सा हाती आला तरी ठीक चालले म्हणावे.

यंत्र पारखताना लोक इंजिनाच्या अश्वशक्तीकडे पाहतात. पाहावयास हवी पन्हळ. सोने राखून ठेवण्याचे काम तिचे. तिच्यात आडव्या पट्ट्या असतात. पट्टीमागे पाण्याला भोवरा पडतो आणि जड कण त्या भोवऱ्यातून खाली बसतात. पट्ट्यांखाली जाळी आणि तिच्याखाली दाट लवीचे जाजम असते, ते बारीक सोने धरते. पन्हळ आखूड असली, किंवा नळीतले पाणी एकदम जोराने तिच्यावर आदळत असले, तर बारीक सोने सरळ वाहून जाते. आणि नदीतले सोने बहुधा बारीकच असते. उतार फुटामागे सुमारे एक इंच ठेवून सुरुवात करावी आणि मग पट्ट्यांमागची वाळू पाहावी. ती सारखी नाचत असली तर उतार बरोबर आहे. ती दडपून घट्ट बसली असली तर पाणी मंद आहे, आणि पट्ट्यांमागे काहीच ठरत नसेल तर पाणी फार वेगवान आहे. दर तासाला पन्हळीच्या शेपटाकडून पडणारी ओंजळभर वाळू थाळीत धुऊन पाहावी. तीत सोने दिसले तर यंत्र कमाई करीत नसून उधळपट्टी करीत आहे.

पंपाविषयी मराठी शेतकऱ्याला किंवा बरुआसागरच्या मळेवाल्याला फार सांगावयास नको. फूटव्हॉल्व्ह निवळ पाण्यात, तळापासून वर आणि पन्हळीच्या वरच्या अंगाला ठेवावा, नाही तर आपणच गढूळ केलेले पाणी पंप पुन्हा ओढील. इंजिन सुरू करण्यापूर्वी पंप पाण्याने भरून घ्यावा. कोरडा पंप फिरला की त्याचे सील जळते. इंजिन चार-स्ट्रोकचे, सुटे भाग जवळच्या बाजारात मिळणारे आणि आवाजाने कमी असावे. इंधन भरणे तराफ्यावर नको, काठावर आणि पाण्यापासून दूर करावे. पाण्याखाली बुडी मारून काम करणारे लोक हवेची नळी वापरतात. ती हवा इंजिनाच्या धुराजवळून ओढली गेली तर श्वासाबरोबर कार्बन मोनॉक्साइड जाते, आणि त्याला रंगही नाही, वासही नाही. तळ उकरताना धोंड्याखालची वाळू निघाली की धोंडा घसरतो. पाण्याखाली अशा धोंड्याने हात धरून ठेवला तर हाक मारता येत नाही. म्हणून नवख्या माणसाने उभे राहून काम करता येईल तेवढ्याच पाण्यात उतरावे, आणि एकट्याने कधीही उतरू नये.

आता कायदा आणि नदी यांच्याकडे वळू. आपल्या देशात १९५७ च्या खाणी व खनिजे (विकास व नियमन) कायद्याप्रमाणे परवाना अथवा पट्टा असल्याखेरीज खनिजाचा शोध घेता येत नाही आणि ते काढताही येत नाही. सोने त्याला अपवाद नाही. वाळूचा उपसाही राज्य सरकारच्या परवानगीचा विषय आहे, आणि २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने लहान क्षेत्रांतील अशा उपशालाही पर्यावरण-मंजुरी आवश्यक ठरविली. भीमेच्या पात्रात बेकायदा वाळू ओढणाऱ्या यांत्रिक बोटी महसूल खात्याने स्फोटकांनी उडविल्याच्या बातम्या महाराष्ट्रातील श्रोत्यांनी ऐकल्या असतील. आपला ड्रेज छोटा आहे आणि आपण वाळू विकीत नाही, हे सांगून तेथे सुटका होणार नाही. तेव्हा बेतवेत, भीमेत किंवा वैनगंगेत हौसेसाठी असे यंत्र उतरविण्याचा विचार सोडून द्यावा.

कायद्यामागे कारणेही आहेत. महसीरासारखे मासे वाळू-गोट्यांत अंडी घालतात. तो थर ओढून पन्हळीवरून फेकला की अंडी जगत नाहीत, आणि उडालेला बारीक गाळ खाली दूरवरच्या गोट्यांवर बसतो. कॅलिफोर्नियात १८४८ नंतरच्या सोन्याच्या धावपळीत पाऱ्याचा अतोनात वापर झाला; तो पारा नदीच्या तळाशी राहिला, आणि ड्रेजने तो पुन्हा ढवळला जातो असे आढळले. मासे आणि पारा या दोन्ही कारणांनी त्या राज्याने २००९ साली सक्शन ड्रेजिंग थांबविले. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर हौशी लोकांसाठी सोने धुण्याची राखीव क्षेत्रे आहेत, पण तेथे थाळी, फावडे आणि हाताने चालणारी पन्हळ एवढीच साधने चालतात. इंजिन चालत नाही. अलास्कासारख्या भागांत लहान ड्रेजला परवान्याने मुभा आहे. परदेशी राहणाऱ्या ज्या मराठी कुटुंबांना ही हौस असेल त्यांनी प्रथम त्या ओढ्याचा नियम, मग तेथील ऋतूचा नियम, आणि त्यानंतर यंत्राची किंमत पाहावी. आणि कोठेही असले तरी बारीक सोने गोळा करण्यासाठी पारा वापरू नये. काळी वाळू लोहचुंबकाने वेगळी करता येते. उरलेली थाळीत सावकाश धुता येते. पाऱ्याचा वापर आवरण्यासाठी झालेला मिनामाता करार २०१७ साली अमलात आला आणि भारताने तो २०१८ साली मान्य केला.

पैशाचा हिशेबही एकदा मांडून पाहू. समजा, जागा चांगली आहे आणि घनमीटर मालात शंभर मिलिग्रॅम सोने आहे. समजा, आपले दोन इंची यंत्र दगड उचलण्याचा वेळ धरून तासाला एक घनमीटर माल ओढते, आणि एकही कण वाया जात नाही. तर सहा तास वाकून, भिजून, हात गारठवून मिळणार सहाशे मिलिग्रॅम, म्हणजे अर्ध्या ग्रॅमहून थोडे अधिक. यातून इंधन, प्रवास, परवाना आणि यंत्राची झीज वजा करावी. ज्या जागी घनमीटरला दहाच मिलिग्रॅम आहे, तेथे चार इंची यंत्र लावूनही हा आकडा गाठता येत नाही. जागा रिकामी असेल तर मोठे यंत्र ती रिकामी आहे एवढेच लवकर सिद्ध करून दाखविते. यंत्र सोने शोधत नाही. ते फक्त वाळू हलविते. शोधाचे काम थाळीचे आणि थाळी धरणाऱ्या हाताचे.

यातून निवडीचा क्रम आपोआप ठरतो. पहिली परवानगी, ती नसेल तर पुढचे काही नको. मग थाळीने दहा-वीस ठिकाणची वाळू धुऊन जागेची पारख. मग यंत्र तेथवर नेण्याची सोय. मग पाण्याची खोली, आणि तीवरून धारेची रीत व नळीचा व्यास. त्यानंतर पन्हळ, आणि सर्वांत शेवटी इंजिन. बाजारात गेलेला माणूस बहुधा हा क्रम उलटा धरतो. तो इंजिनापासून आरंभ करतो, आणि जागेचा विचार यंत्र घरी आल्यावर करू लागतो.

थाळीची विद्या शिकावयास नदीची किंवा सरकारी परवान्याची गरज नाही. ती घरच्या अंगणात शिकता येते. एका पसरट थाळीत दोन ओंजळी धुतलेली वाळू घ्यावी. शिशाचे दहा बारीक छर्रे मोजून, हातोडीने थोडे चपटे करून तीत मिसळावे. शिसे पाण्याच्या ११.३ पट जड, म्हणजे सोन्यापेक्षा हलके. तेव्हा ही परीक्षा सोन्याहून अवघड आहे. मग पाण्याने भरलेल्या घमेल्यात थाळी बुडवून, हलवून, तिरपी करून वाळू धुऊन टाकावी आणि तळाशी किती छर्रे उरले ते मोजावे. पहिल्या दिवशी पाच-सहा उरले तरी पुष्कळ. घमेल्यात पडलेले छर्रे वेचून घ्यावे आणि काम झाल्यावर हात स्वच्छ धुवावेत, कारण शिसे विषारी आहे. दहाच्या दहा छर्रे लागोपाठ अनेक वेळा थाळीत राहू लागले, म्हणजे सोनझऱ्याच्या हाताला काय येत होते ते कळेल. आणि मग कोणी दोन इंची व चार इंची यंत्रांची माहितीपत्रके पुढे ठेवली, तर त्यांतले काय वाचावे आणि काय सोडून द्यावे, हे दुसऱ्या कोणास विचारावे लागणार नाही.